मुलीला पुलमनला प्रवेश मिळालाय, पण ‘त्यांना लीगनं टाकलं’ म्हणतात. काळजी करावी का?

सिन्नरची आई

नमस्कार मंडळी. माझ्या मुलीला अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत, पुलमन या गावी, फूड सायन्सच्या एमएससाठी प्रवेश मिळाला आहे. १५ एप्रिलच्या आत होकार कळवायचाय. आम्ही खुशीत होतो, तेवढ्यात माझ्या दिराचा मुलगा, तो सिएटलला असतो, फोनवर म्हणाला, “काकू, त्या विद्यापीठाला लीगनं टाकून दिलं. बाकीचे दहा निघून गेले, हे दोनच उरले.” तेव्हापासून ह्यांची झोप उडाली आहे. आपल्याकडे एखाद्या कॉलेजची मान्यता जाते तसं काही आहे का? पदवीला किंमत राहील ना? बँकेत कर्जाची फाइल अडकलीय, ह्यांनी सही थांबवून ठेवलीय. तिकडे राहणाऱ्या कुणी खरं काय ते सांगाल का?

निफाडकर (मुक्काम पुलमन)

ताई, आधी लेकीचं अभिनंदन. आणि साहेबांना सांगा, सही करून टाका. पदवीचा आणि या लीगचा काडीचा संबंध नाही. इथे कॉलेजांचे खेळाचे संघ गटागटानं एकमेकांशी खेळतात, त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. सामने टीव्हीवर दाखवायचा करार गट करतो आणि तो पैसा सगळ्यांत वाटला जातो. विद्यापीठाला मान्यता देणाऱ्या संस्था निराळ्या, त्यांना फुटबॉलशी (इथला, हातात चेंडू धरून पळायचा) देणंघेणं नाही.

मी राहुरीच्या कृषी विद्यापीठातून इथे आलो, गव्हावर काम करतो. ऑर्व्हिल व्होगेल नावाचे शास्त्रज्ञ याच पुलमनला होते. जपानच्या ‘नोरिन १०’ या बुटक्या गव्हाचा त्यांनी इथल्या वाणाशी संकर केला आणि ते बियाणं मेक्सिकोत बोरलॉगसाहेबांना पाठवलं. साठच्या दशकात आपल्याकडे आलेले बुटके मेक्सिकन गहू त्याच वंशातले. माझे वडील निफाडला ज्या गव्हाला खत घालून तो लोळत नाही म्हणून खूश व्हायचे, त्याचं मूळ मी इथे येऊन पाहिलं. असल्या विद्यापीठाची पदवी टीव्हीच्या करारानं स्वस्त होत नाही.

पण तुमच्या पुतण्यानं सांगितलं ते खोटंही नाही. इथे राहणाऱ्याला ते फार लागलेलं आहे. मलाही. म्हणून सविस्तर लिहितो.

या गटाचं नाव पॅक-१२. सुरुवात १९१५ ची, पोर्टलंडच्या एका हॉटेलात. तेव्हा चारच विद्यापीठं होती, त्यातलं एक ओरेगन स्टेट. आमचं वॉशिंग्टन स्टेट १९१७ मध्ये आलं, स्टॅनफर्ड त्यानंतरच्या वर्षी. मधे गट मोडला, पुन्हा बांधला, नावं बदलली. पण किनाऱ्यावरची ही मंडळी शंभर वर्षं एकमेकांशी खेळत राहिली. बांधाला बांध असलेल्या शेतकऱ्यांसारखी. भांडायची, पण दुसऱ्या दिवशी तोंड बघायचीच.

३० जून २०२२ ला लॉस एंजेलिसच्या दोघांनी, यूएससी आणि यूसीएलएनं, बिग टेन या गटात जायचं जाहीर केलं. तो गट मूळचा शिकागो-ओहायोकडचा. दीड महिन्यातच बिग टेनचा फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी करार झाला, सात वर्षांचे सात अब्ज डॉलरहून जास्त. लॉस एंजेलिस गेलं की पॅक-१२ मधली सगळ्यात जास्त टीव्हीची घरं गेली. उरलेल्यांना त्याच तोडीचा करार कोण देणार? वर्षभर बोलणी रेंगाळली. जुलै २०२३ अखेर कोलोरॅडो निघालं.

मग ४ ऑगस्टचा शुक्रवार. आमच्याकडे ते गव्हाच्या कापणीचे दिवस. मी चाचणीच्या वाफ्यांवर होतो, छोटं कम्बाइन चालू होतं, प्रत्येक वाफ्याची पिशवी वेगळी भरून चिठ्ठी लावायची. त्या सकाळी उरलेले नऊ जण सामने दाखवण्यासाठी ॲपल कंपनीशी होणाऱ्या करारावर सह्या करणार अशी बातमी होती. प्रत्येकी साधारण २ कोटी ३० लाख डॉलर, आणि ग्राहक वाढले तर वर आणखी. कम्बाइनवर बसलेला आमचा माणूस याच भागातल्या शेतकऱ्याच्या घरचा, आई-वडील आणि आजोबा तिघंही इथेच शिकलेले. फोन वाजला, त्यानं वाचला आणि इंजिन बंद केलं. वॉशिंग्टन (सिएटलचं, आमचं वॉशिंग्टन स्टेट नव्हे) आणि ओरेगन (तेही ओरेगन स्टेटहून वेगळं) बिग टेनला गेले होते. त्या रात्रीपर्यंत ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ या आणखी एका गटात गेले. त्या माणसानं टोपी काढून डोक्यावरचा भुसा झटकला, पुन्हा घातली, आणि “पुढचा वाफा कितवा?” एवढंच विचारलं. दिवसभर तो पुढे काही बोलला नाही.

१ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली ॲटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेले. पॅसिफिकच्या काठावरची विद्यापीठं अटलांटिकच्या गटात, तीही कमी वाट्यावर. राहिले दोन, पुलमनचं आमचं आणि कॉर्व्हॅलिसचं ओरेगन स्टेट. दोन्ही शेतकीची, दोन्ही लहान गावांतली.

हे दोघे खेळात कच्चे होते म्हणून मागे राहिले असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. २३ सप्टेंबर २०२३ ला हेच दोघे इथे पुलमनला भिडले, तेव्हा दोघंही देशातल्या पहिल्या २५ संघांत होते. आम्ही ३८-३५ नं जिंकलो. पण टीव्हीवाले गुण मोजत नाहीत, घरं मोजतात. पुलमनची लोकसंख्या सुमारे ३३ हजार, आणि स्टेडियममध्ये आसनंही साधारण तेवढीच. सामन्याच्या शनिवारी गाव दुप्पट होतं. वर्षाचे सहा-सात शनिवार, त्यावर इथली हॉटेलं, पेट्रोल पंप, सँडविचची दुकानं पुढचा हिवाळा काढतात. ही घरं कुठल्या करारात मोजायची?

त्यानंतरची गोष्ट मला सगळ्यात जवळची. जाणाऱ्या दहा जणांना गटाच्या कारभारी मंडळात मत हवं होतं. म्हणजे वाडा सोडून चाललेल्या भावांनी तिजोरीची चावी आमच्याकडेच राहू द्या म्हणावं, तसं. आमच्या दोघांनी दावा ठोकला, तोही कोलफॅक्सच्या कोर्टात. कोलफॅक्स म्हणजे इथून पंचवीसेक किलोमीटरवरचं आपल्या तालुक्याच्या ठिकाणाएवढंसुद्धा नसलेलं गाव. गटाच्या नियमात लिहिलं होतं की ठरलेल्या मुदतीआधी जो जाण्याची नोटीस देईल त्याची मंडळातली जागा जाईल. १४ नोव्हेंबर २०२३ ला न्यायमूर्ती लिबी यांनी सांगितलं की मंडळ आता या दोघांचंच. आम्ही प्रयोगशाळेत लॅपटॉपभोवती उभे राहून सुनावणी ऐकत होतो. डिसेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हात घातला नाही. पुढे तडजोड झाली, जाणाऱ्यांच्या वाट्यातले मिळून साडेसहा कोटी डॉलर मागे राहिले.

मग दोन वर्षं उसनवारीची. दोघांचाच गट चालवायला मुदत मिळाली. २०२४ च्या फुटबॉल हंगामात सामने मिळावेत म्हणून माउंटन वेस्ट या गटाला १ कोटी ४० लाख डॉलर मोजले. बास्केटबॉल वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये, पाहुण्यासारखं. २०२५ मध्ये तर आमचे आणि कॉर्व्हॅलिसचे फुटबॉल संघ एकाच हंगामात एकमेकांशी दोनदा खेळले, दुसरं कोण मिळणार? झळ बसलीच. चांगले खेळाडू गेले, प्रशिक्षक गेला. जून २०२५ मध्ये ॲथलेटिक्सच्या संघातले उड्यांचे आणि फेकीचे प्रकार बंद करून भर लांब पल्ल्याच्या धावण्यावर दिला. भालाफेक करणाऱ्या पोरांचा टीव्हीच्या घरांशी काय संबंध होता, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

आता बरं चाललंय. १ जुलै २०२६ पासून नवा पॅक-१२ सुरू होतोय: बोइझी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट, टेक्सस स्टेट आणि आम्ही दोघं. गोंझागाही येतंय. त्यांचा फुटबॉल संघ नाही, पण बास्केटबॉल जबरदस्त, आणि ते स्पोकेनला, इथून सव्वाशे किलोमीटरवर.

पुतण्याला एक विचारा. १४ सप्टेंबर २०२४ ला सिएटलला ॲपल कप, म्हणजे वॉशिंग्टन आणि आमच्या वॉशिंग्टन स्टेटचा फुटबॉल सामना, झाला तेव्हा तो कुठे होता? त्याच्या गावचं विद्यापीठ बिग टेनवालं, आमचं टाकलेलं. मी स्टेडियममध्ये होतो, वरच्या रांगेत. २४-१९ नं आम्ही पुढे, शेवटचं मिनिट-दीड मिनिट, चेंडू आमच्या रेषेपासून एक यार्डावर आणि त्यांचा शेवटचा प्रयत्न. एक यार्ड म्हणजे तीन फूट. आमच्या पोरांनी तो माणूस आत जाऊ दिला नाही. शेजारच्या अनोळखी आजींनी माझा हात इतका घट्ट धरला होता की नखं उमटली होती.

टॉरन्सकर

निफाडकर, तुमचं दुःख समजतं, पण जाणाऱ्यांची बाजूही मांडायला हवी. मी गेली वीस वर्षं लॉस एंजेलिसजवळ राहतो, मुलगा यूसीएलएत शिकला. त्यांच्या क्रीडा विभागाची तूट साठत साठत शंभर दशलक्ष डॉलरच्या वर गेली होती. फुटबॉलच्या पैशावर पोहणं, जिम्नॅस्टिक्स, वॉटर पोलो सगळं चालतं. तो पैसा आटला तर आधी हेच खेळ बंद होतात. तुमच्याकडे भालाफेक बंद झाली, तेच संकट त्यांच्याही दाराशी होतं.

आणि फुकट सुटका कुणाचीच झाली नाही. बर्कली आणि यूसीएलए एकाच राज्य विद्यापीठाचे भाग. यूसीएलए गेल्यानं बर्कलीचं नुकसान झालं म्हणून रीजंट्सनी, म्हणजे त्या राज्य विद्यापीठाच्या कारभारी मंडळानं, यूसीएलएला तीन वर्षं दरसाल एक कोटी डॉलर बर्कलीला द्यायला लावले. शिवाय प्रवास. रटगर्स न्यू जर्सीत, मेरीलंड वॉशिंग्टन डीसीच्या शेजारी. फुटबॉलवाले आठवड्यातून एकदाच खेळतात. व्हॉलीबॉलच्या मुलींनी तीन टाइमझोन ओलांडून परत येऊन सकाळच्या तासाला बसायचं, हे मलाही पटत नाही. पण दोष एकेका विद्यापीठाला देऊ नका. पॅक-१२ च्या कारभाऱ्यांनी २०१२ मध्ये स्वतःचं टीव्ही नेटवर्क काढलं आणि ते पुरेशा घरांत पोचवू शकले नाहीत. खड्डा तिथून पडायला लागला.

निफाडकर (मुक्काम पुलमन)

नेटवर्कचं तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. आमच्या गावातसुद्धा अनेक घरांत ते दिसत नव्हतं. आणि यूसीएलएला तूट होती हेही मान्य. माझं म्हणणं एवढंच आहे की फुटबॉलचा पैसा हवा होता तर फुटबॉलच वेगळं काढायचं होतं. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, पोहणं शेजारपाजारीच राहू द्यायचं. गोंझागा फुटबॉलशिवाय गटात येऊ शकतं, तर उलटही जमलं असतं. पोरींना न्यू जर्सीला कशासाठी न्यायचं?

कॉर्व्हॅलिसची वहिनी

उरलेल्या दोघांतलं दुसरं गाव आमचं, म्हणून लिहिते. आमच्या घरात फुटबॉल कुणी फारसं बघत नाही, आम्ही मुलींच्या बास्केटबॉलला जातो. ओरेगन स्टेटच्या मुली २०२४ मध्ये देशातल्या शेवटच्या आठांत पोचल्या होत्या. त्यानंतर काही आठवड्यांत मुख्य खेळाडू एकेक करून दुसरीकडे गेल्या, एक ओक्लाहोमाला, एक यूएससीला, एक यूसीएलएला. माझी धाकटी तेव्हा दहा वर्षांची. तिच्या खोलीत त्यांचं पोस्टर होतं. तिनं ते काढलं नाही, गेलेल्या प्रत्येकीच्या चेहऱ्याशेजारी पेन्सिलीनं बारीक बाण काढून कुठे गेली ते लिहिलं.

प्रशिक्षक स्कॉट रूक मात्र राहिले. पुढच्याच वर्षी, मार्च २०२५ मध्ये, नव्या पोरींनी वेस्ट कोस्टची स्पर्धा जिंकली आणि राष्ट्रीय स्पर्धेत गेल्या. बेसबॉलच्या मुलांना तर त्या वर्षी गटच नव्हता. गावोगावी जाऊन सामने मिळवायचे, त्यातून ते ओमाहाला कॉलेज वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत, पोचले. ताई, तुमच्या लेकीला खेळाची आवड असो वा नसो, अशा गावात जीव लागतो.

सिन्नरची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. ह्यांना निफाडकर दादांचं पूर्ण वाचून दाखवलं. बियाण्याचं ऐकल्यावर ते म्हणाले, “आपल्या सासऱ्यांनी पण तोच गहू लावला होता.” काल सही केली. पुतण्याला १४ सप्टेंबरचं विचारलं, तर म्हणाला, “काकू, तो विषय नको.”

दादा, दोन शंका आहेत. थंडी किती असते, आणि फूड सायन्सवाल्यांना तिथे प्रत्यक्ष काम शिकायला मिळतं का? आणि ती सामान घेऊन एकटीच उतरणार आहे, विमानतळावरून गावात कशी पोचेल?

निफाडकर (मुक्काम पुलमन)

ताई, थंडी भरपूर. बर्फ पडतो, पण जाड कोट तिथून आणू नका, इथे सेकंडहँड चांगले मिळतात. बूट मात्र इथेच मापानं घ्यायचे.

काम शिकायला मिळतं. विद्यापीठाची स्वतःची क्रीमरी आहे, तिथे विद्यार्थी हातानं कामं करतात. कूगर गोल्ड नावाचं चेडरच्या जातीचं चीज टिनाच्या डब्यात भरून विकतात, ३० औंसांचा डबा. १९४० च्या सुमाराला गोल्डिंग नावाच्या प्राध्यापकांनी ते बसवलं, म्हणून नावात गोल्ड. डब्यात ठेवलं तरी ते मुरत राहतं. आमच्या फ्रिजमध्ये एक डबा कायम असतो, बायको त्याची पराठ्यात भर घालते.

तिकीट स्पोकेनचं काढा, तिथून सरळ रस्ता आहे. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात उतरली तर कापणी चालू असेल, टेकड्या सगळ्या पिवळ्या. तारीख इथेच कळवा. मी वाफ्यांवर असेन तर बायको गाडी घेऊन येईल.