गर्भ बनायच्या आधी एगचीच जेनेटिक टेस्ट होते का? कोणी केलीय?

मीच_ती_३८ :
हाय सगळ्यांना. वय ३८, दोन आयव्हीएफ झाली, दोन्ही वेळा राहिलं आणि दोन्ही वेळा नवव्या आठवड्याच्या आसपास गेलं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी सॅम्पल तपासायला पाठवलं तर १६ नंबरचं गुणसूत्र दोनाऐवजी तीन निघालं. आता तिसऱ्या सायकलला म्हणतायत गर्भ पाचव्या दिवसापर्यंत वाढवू, त्याच्या पेशी टेस्टला पाठवू आणि नॉर्मल असेल तोच आत सोडू. डोक्याला पटतंय पण खरं सांगू का, गर्भ तयार झाल्यावर हा ठेवा हा टाका असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही, नवऱ्याला हे अजिबात कळत नाहीये. तर कुठेतरी वाचलं की एगचीच टेस्ट होते, म्हणजे शुक्राणूशी गाठ पडायच्या आधीच खराब एग बाजूला. खरंच होतं का असं? आणि सुई-बिई घालून एग फुटत नाही का?

लॅबवाली :
होतं, पण तुम्ही समजताय तसं नाही. मी एम्ब्रिऑलॉजी लॅबमध्येच काम करते. अंड्याच्या आतला माल काढून बघितला तर अंडं संपलंच, मग वापरणार काय? म्हणून अंडं जे बाहेर टाकतं ते बघायचं. पिकताना ते आपली निम्मी गुणसूत्रं एका बारक्या पिंडात भरून बाहेर ढकलतं, त्याला पोलर बॉडी म्हणतात, अंडं आणि वरचं कवच यांच्या फटीत मण्यासारखी चिकटलेली दिसते. २३ बाहेर जायला हवीत, २४ गेलेली दिसली तर आत २२च उरली, असा उलटा हिशेब.

आता गोची अशी की हे दोन टप्प्यांत होतं. दुसरी पोलर बॉडी शुक्राणू आत गेल्यावरच बाहेर पडते. म्हणजे 'गाठ पडायच्या आधी' फक्त अर्धाच रिपोर्ट मिळतो, आणि अर्ध्यावर निर्णय घेणं वाईट, कारण पहिल्या टप्प्यातली चूक दुसऱ्यात कधीकधी आपोआप सुधारते, तुम्ही चांगलं अंडं फेकून बसाल.

फुटायचं म्हणाल तर अंडं काचेच्या नळीने हलकंच धरून ठेवतात, कवचाला लेझरने भोक पाडतात आणि बारीक पिपेटने पिंड ओढून घेतात. घाई केली तर दुसरी पोलर बॉडी अजून अंड्याला धाग्याने जोडलेली असते, ओढली तर अंड्याला इजा, म्हणून इक्सीनंतर (सुईने शुक्राणू अंड्यात सोडतात ते) काही तास थांबायचं. पण मला विचाराल तर सगळ्यात जीव खाणारं काम त्यानंतरचं, तो कण ट्यूबमध्ये सोडायचा, जो ट्यूबमध्ये गेल्यावर डोळ्यांना दिसतच नाही. गेला नसेल तर 'नो रिझल्ट'.

मामाची_भाची :
मी केलंय! पण माझी केस वेगळी, मी हिमोफिलियाची (रक्त न गोठण्याचा आजार) वाहक, मामाला होता. आमच्यात गुणसूत्रं मोजायची नव्हती, माझा तो एक दोष कुठल्या अंड्यात गेलाय ते बघायचं होतं. ११ एग निघाली, ९ पिकलेली, ७ चा रिपोर्ट आला. फोनवर मॅडम वाचत होत्या, नंबर ३, दोन्ही पोलर बॉडीत दोष सापडला, आणि मी रडायलाच लागले. त्या म्हणाल्या अहो रडताय काय, दोष बाहेर गेला म्हणजे अंडं चांगलं! पुढची पंधरा मिनिटं मी दोष सापडावा म्हणून देवाला हात जोडून बसले होते 😄 मुलगा की मुलगी हे यात कळतच नाही, ते बापाच्या बाजूने ठरतं ना. ४ चांगली निघाली, पाचव्या दिवशी २ उरले, पहिला ट्रान्सफर (गर्भ आत सोडणं) फेल, दुसऱ्याचा लेक आता चार वर्षांचा आहे.

आकडेमोड :
वाहकांसाठी ठीक आहे, ते तंत्र शिकागोत १९९० मध्ये त्यासाठीच सुरू झालं. पण वय जास्त म्हणून सरसकट गुणसूत्रांची मोजणी करायची तर या टेस्टचीच एस्टीम नावाची ट्रायल बघा, २०१८ मध्ये छापून आलीय. ३६ ते ४० वयाच्या ३९६ बायका, निम्म्यांची एग्ज तपासली, निम्म्यांची नाही. वर्षभरात बाळ झालं ते दोन्हीकडे २४ टक्के. सारखंच! शिवाय प्रत्येक अंड्यामागे दोन सॅम्पल, त्यातली कित्येक पाचव्या दिवसापर्यंत जगणारही नसतात. बापाकडून आलेली किंवा नंतर पेशी वाढताना झालेली चूक यात दिसत नाही ती वेगळीच.

लॅबवाली :
@आकडेमोड अर्धंच सांगितलंत. त्याच ट्रायलमध्ये गर्भपात तपासलेल्यांत ७ टक्के, न तपासलेल्यांत १४ टक्के होते आणि तपासलेल्यांना ट्रान्सफरही कमी लागले. दोनदा गमावलेल्या बाईला हा आकडा छोटा नाही. आणि १६ नंबरचं जादा गुणसूत्र जवळजवळ नेहमी अंड्याच्या पहिल्या विभाजनातच (तोच वरचा पहिला टप्पा) आलेलं असतं, म्हणजे यांच्या केसमध्ये ते पोलर बॉडीत दिसण्यासारखं होतं. (यात तुमची काही चूक नाही हो, ही विभाजनं तुम्ही आईच्या पोटात असताना सुरू होऊन थांबलेली असतात, इतकी वर्षं धरून ठेवलेली जोडी कधीतरी सुटते.)

मीच_ती_३८ :
कंसातलं वाचून बरं वाटलं, थँक्यू. म्हणजे शुक्राणू सोडावाच लागणार. मग माझा जो प्रॉब्लेम आहे तो सुटतो की नाही?

लॅबवाली :
थोडा सुटतो. शुक्राणू गेल्यावर लगेच गर्भ होत नाही, आईचं आणि बापाचं केंद्रक दुसऱ्या दिवसापर्यंत वेगवेगळी दिसतात. जर्मनीत १९९० च्या कायद्याने ती एकत्र आल्यावरच गर्भ धरतात, म्हणूनच तिथे पोलर बॉडीची टेस्ट इतकी चालली. त्या अवस्थेत फ्रीझ करून ठेवायचं, रिपोर्ट आला की चांगली तेवढीच पुढे वाढवायची. फक्त तुमच्या लॅबला आधी विचारा की हे त्यांनी स्वतः किती वेळा केलंय, पाचव्या दिवसाच्या बायॉप्सीत हात बसलेला माणूस यात बसेलच असं नाही.

मीच_ती_३८ :
विचारते सोमवारी. अजून एक, पाच एग्ज आधीची फ्रोझन आहेत, त्यांचं होईल?

लॅबवाली :
पहिली पोलर बॉडी नाजूक असते, लवकर तुटते, फ्रोझनमध्ये धड मिळेलच याची खात्री नाही. ताज्या एग्जचंच बोला.