मदत हवी आहे : बोल गेममधल्या भेटवस्तू वॉक-ऑन खेळाडूंनाही मिळतात का?

नमस्कार मंडळी. आम्ही टेक्ससमध्ये राहतो. मुलगा कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये वॉक-ऑन आहे, म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय. सराव मात्र सगळ्यांइतकाच करतो. यंदा टीम बोल गेमला, म्हणजे हंगाम संपल्यावर निवडक कॉलेज टीमांत होणाऱ्या खास सामन्याला, चालली आहे आणि घरात सध्या भेटवस्तूंचाच विषय आहे.

मला माहीत आहे ते असं : बोलचे आयोजक खेळाडूंना घड्याळ, हेडफोन, बॅग, गेमिंग कन्सोल असं काहीबाही देतात. काही ठिकाणी ‘गिफ्ट स्वीट’ म्हणजे भेटवस्तूंची खोली असते, तिथे मुलं ठरलेल्या पॉइंटांत हवं ते निवडतात. एल पासोच्या सन बोलमध्ये तर तिथल्याच कंपनीचा हेअर ड्रायर मिळायचा! एनसीएएने (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची नियामक संस्था) आयोजकांना बरीच वर्षं दर खेळाडूमागे 550 डॉलर आणि एका कॉलेजच्या 125 जणांची मर्यादा घातली होती.

माझा प्रश्न या 125 चाच आहे. टीम मोठी असेल तर यादी कोण ठरवतं, प्रशिक्षक की कॉलेजचा कम्प्लायन्स (नियमपालन) विभाग? वॉक-ऑन मुलं मागे राहतात का?

दुसरं म्हणजे, त्याला घड्याळ सांगलीच्या आजोबांना द्यायचं आहे. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या खेळाडूंनी बक्षीस मिळालेल्या अंगठ्या वगैरे विकल्याचं 2010 मध्ये उघड झालं आणि पुढच्या हंगामासाठी त्यांच्यावर पाच-पाच सामन्यांची बंदी आली, म्हणून भीती वाटते. 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावता येतं, पण या वस्तूंना तीच मोकळीक आहे का? घरच्यांना नुसतं भेट देणं चालतं ना?

कुणाची मुलं अशा टीममध्ये खेळली असतील किंवा कुणी विद्यापीठाच्या क्रीडा विभागात काम करत असेल, तर कृपया सांगा. या पोराने फार कष्ट केले आहेत हो.