नॅनो पावडरच्या गोणीला कोणता नियम लागू होतो?

प्रश्न (रबाळेकर):
रबाळे एमआयडीसीतील एका कोटिंग युनिटमध्ये मी शिफ्ट सुपरवायझर आहे. अलीकडे आमच्याकडे टायटॅनियम डायऑक्साइडची नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म कणांची, पावडर येऊ लागली आहे. गोणी मिक्सरमध्ये ओतताना पांढरा धुरळा उडतो आणि हेल्पर तोंडाला रुमाल बांधून उभे असतात. सोबतच्या सेफ्टी डेटा शीटमध्ये (पदार्थाचे धोके व घ्यायची काळजी सांगणारे पत्रक) कणांच्या आकाराचा उल्लेखही नाही. साध्या पावडरचीच माहिती आहे. यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय धोरण आहे का? मालकांशी कशाच्या आधारे बोलावे?

उत्तर (सुरक्षा अधिकारी, ठाणे):
सर्व क्षेत्रांना लागू होईल असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. केंद्राने 2007 मध्ये नॅनो मिशन सुरू केले, पण त्याचा भर संशोधनावर राहिला. नॅनो औषधांसाठी 2019 मध्ये आणि शेती व अन्न उत्पादनांसाठी 2020 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली. मात्र त्यांचा रोख तयार मालाच्या मूल्यमापनावर आहे, गोणी फोडणाऱ्या हेल्परवर नाही, आणि माझ्या मते खरी उणीव तिथेच आहे. मालकांना आकडा हवा असेल, तर अमेरिकेतील नायॉश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेची 2011 ची शिफारस दाखवा : बारीक पावडरसाठी दर घनमीटर हवेत 2.4 मिलिग्रॅम, अतिसूक्ष्म कणांसाठी केवळ 0.3. पदार्थ एकच असूनही मर्यादा आठपट कडक आहे, कारण वजन तेवढेच असले तरी कण जितके लहान, तितके त्यांचे एकूण पृष्ठफळ वाढते आणि फुप्फुसांना धोकाही वाढतो.

उत्तर (महापे, मेंटेनन्स):
धोरणाची वाट पाहत बसू नका. पुरवठादाराकडून कणांचा आकार नमूद केलेली शीट लेखी मागवा. रुमालाचा काडीचाही उपयोग नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क द्या आणि गोणी ओतण्याच्या जागीच धूळ ओढून घेणारा एक्झॉस्ट बसवा. एअर गनने फरशी झाडणे तर आजच बंद करा, ओल्या फडक्याने पुसा.

उत्तर (ऐरोली):
वरील सर्व मान्य, पण कोणत्या कारखान्यात काय येते याची नोंदच नसेल, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे निरीक्षक तरी काय तपासणार? फ्रान्समध्ये 2013 पासून वर्षाला 100 ग्रॅम वा त्याहून अधिक नॅनो पदार्थ बनवणाऱ्या, आयात करणाऱ्या वा विकणाऱ्याला सरकारकडे नोंद करावी लागते. अशी नोंदवही आपल्याकडे सक्तीची व्हावी आणि तिची प्रत सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रालाही मिळावी, कारण नॅनो चांदीसारखा पदार्थ तिथल्या उपयुक्त जिवाणूंनाही मारक ठरू शकतो.