आंतरवासितेत (शिक्षक होताना शाळेत करायच्या सरावात) मुलं बोलत नाहीत, त्याबद्दल
ताई, पाठ टाचण (पाठ कसा घ्यायचा त्याचा आराखडा) नीट काढूनही दुसरीची मुलं गप्पच बसतात, असं तुम्ही लिहिलंत. धुळ्याच्या साक्री तालुक्यात माझंही अगदी हेच झालं होतं. पाठ वजाबाकीचा, 52 वजा 27. मी ‘दशक सुटा करा’ म्हणत राहिले, वर्ग ढिम्म. मग मार्गदर्शक बाई मागून उठल्या. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काड्यांच्या दहा-दहाच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या मांडून एकीला म्हणाल्या, ‘सात दे माले.’ पोरीनं त्या दोन काड्यांकडे पाहिलं, जरा थांबली आणि एका जुडीची सुतळी सोडली. ‘आते सुट्या कितला ऱ्हायनात?’ सगळा वर्ग ओरडला, ‘पाच!’

मला तेव्हा फार वाईट वाटलं. पोरांना येत होतं, मीच त्यांच्या बोलीत, अहिराणीत, विचारत नव्हते. अहिराणीत विचारलं म्हणून काही बिघडत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 शक्य तितकं मातृभाषेतूनच शिकवा म्हणतं. नंदुरबारकडे शाळा मिळाली तर भिल्ली, पावरीचे दहा-वीस शब्द आधी मुलांकडूनच शिकून घ्या. आणि जुड्या बांधाल तेव्हा गाठ सैल ठेवा, दुसरीच्या बोटांना सुटली पाहिजे.