'मिस्टबॉर्न': नियम पाठ झाल्यावर जादू उरते का?

उलटं पान:
ब्रँडन सँडरसनची 'मिस्टबॉर्न: द फायनल एम्पायर' (२००६) एकदाची वाचून झाली. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आकाशातून राख पडते, रात्री धुकं उतरतं, हजार वर्षं एकच सम्राट गादीवर आहे आणि त्याला उलथवायला चोरांची एक टोळी निघाली आहे. जादू म्हणजे धातू. धातूचा कीस मद्यार्कात मिसळलेली कुपी घशाखाली उतरवायची आणि तो कीस पोटातल्या पोटात 'जाळायचा'. कथील जाळलं की डोळे-कान तीक्ष्ण होतात, प्यूटर नावाच्या मिश्रधातूने अंगात बळ येतं, पोलादाने आसपासचा धातू ढकलता येतो, लोखंडाने ओढता येतो. ही देणगी असलेल्यांपैकी बहुतेकांना एकच धातू साधतो. सगळे साधणारा तो मिस्टबॉर्न.

कल्पना भन्नाट आहे, वाद नाही. पण माझ्या मते खरी जादू सुरुवातीच्या काही प्रकरणांतच संपते. तिथे व्हिन नावाची भेदरलेली पोरगी तिच्या आधीच्या टोळीच्या म्होरक्याबरोबर धर्मखात्याच्या एका अधिकाऱ्याला गंडवायला गेलेली असते. तिच्याकडे 'नशीब' नावाचं काहीतरी आहे. त्याने समोरच्याचा संशय किंचित मऊ करता येतो, बस. ते कुठून येतं हे तिला ठाऊक नाही, पण ते संपतं हे ठाऊक आहे, म्हणून ती पुरवून पुरवून वापरते. ते वाचताना माझाच जीव टांगणीला लागला होता. पुढे सम्राटाविरुद्ध निघालेल्या टोळीचा म्होरक्या केल्सिअर तिला कुपी देतो, कोणत्या धातूने काय होतं ते समजावतो, आणि नशिबाचं पितळ उघडं पडतं. अक्षरशः, ते पितळच असतं.

नंतरच्या मारामाऱ्या मला यंत्राच्या माहितीपुस्तिकेसारख्या वाटल्या. हे ढकललं, ते ओढलं, साठा संपला, नवी कुपी.

तर्कट:
साफ असहमत. तुम्ही ज्याला माहितीपुस्तिका म्हणताय, त्यातच या पुस्तकाची गंमत आहे. पोलादाचाच नियम घ्या. ढकलायची वस्तू तुमच्यापेक्षा हलकी असेल तर ती उडते. जड असेल किंवा कशाला तरी टेकलेली असेल तर तुम्हीच उडता. शिवाय जोर लागतो तो सरळ रेषेत, तुमच्या अंगापासून वस्तूकडे. आता व्हिन भिंतीवरून उडी मारते आणि खाली एक नाणं टाकते. नाणं फरशीवर आपटेपर्यंत काहीच आधार नाही, आपटल्यावर ते जमिनीला अडतं आणि ही वर फेकली जाते. हे आपल्याला तिच्याबरोबर कळतं, म्हणून पुढे ती अडचणीत सापडली की आपणही आजूबाजूला धातू शोधायला लागतो. जादूगाराने ऐनवेळी काठी आपटली आणि सगळं निभावलं, यात वाचकाने करायचं काय?

सँडरसनने २००७मध्ये एका लेखात हेच मांडलंय: जादूने पेच सोडवायचा असेल तर वाचकाला ती जादू आधी नीट कळलेली हवी. आणि हे काही नवं नाही हो. हिरण्यकशिपूचा वर आठवा. दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही. अटी आधी सांगितल्या म्हणूनच उंबरठ्यावरच्या संध्याकाळी मजा येते.

उलटं पान:
उदाहरण छान दिलंत, पण ते माझ्याच बाजूचं आहे. त्या गोष्टीत अटी मोजून सांगितल्यात, नरसिंह नाही. तो खांबातून येतो तेव्हा अटी पाळूनही अनपेक्षितच असतो. इथे मला कोष्टकातल्या सगळ्या रकान्यांची सवय होते. उर्सुला ले ग्वीनच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'मध्ये (१९६८) खरं नाव कळलं की त्या वस्तूवर सत्ता चालते. नियम एका ओळीचा, आणि तरी दर वेळी काय बिघडेल याची धाकधूक राहते.

शेवट आधी:
पुढे स्पॉयलर आहे, शेवट वाचला नसेल त्यांनी माझा प्रतिसाद सोडून द्या.

तुम्ही दोघं नियमांवर भांडताय, पण पुस्तकाने शेवटी काय केलं? अंगात रुतलेल्या धातूवर ही शक्ती चालत नाही, असं आपल्याला बजावून सांगितलेलं असतं. आणि ऐन लढतीत व्हिन काय करते? धुकंच आत ओढून घेते आणि त्या बळावर सम्राटाच्या दंडात रुतलेली कडी उपटते. धुकं जाळता येतं हे कुठल्या कोष्टकात होतं? तर्कटराव, ही तुमची काठी आपटणंच झालं की!

तर्कट:
अर्धंच सांगताय. सम्राट म्हातारा का होत नाही, याचं कोडं तर सरळ नियमांतून सुटतं. टोळीचा साथीदार सेझड, त्याची दुसरी विद्या आहे, त्यात स्वतःचे गुण धातूच्या दागिन्यांत साठवता येतात. ती आणि ही एकत्र आली की काय होईल, याची जुळणी वाचकाला करता येते. कडी ओढायची हे व्हिनला तिथूनच सुचतं. धुक्याचं म्हणाल तर त्याचं कारण तिसऱ्या भागात, 'द हीरो ऑफ एजेस'मध्ये (२००८) मिळतं, आणि व्हिनच्या कानातल्या त्या साध्या डुलापर्यंत सगळे धागे जुळतात.

शेवट आधी:
म्हणजे पहिल्या भागाच्या शेवटाची उधारी तिसऱ्या भागात फेडायची. चालेल, पण मग 'आधी समजावून सांगतो' ही फुशारकी नको. गंमत म्हणजे मला तो प्रसंग आवडला! नियम मोडला म्हणूनच आवडला.

काठावरचा:
लोखंड-पोलादाच्या गदारोळात जस्त आणि पितळ कुणाच्या लक्षात आहे का? जस्ताने दुसऱ्याच्या भावना भडकवता येतात, पितळेने शांत करता येतात. टोळीतला ब्रीझ हे स्वतःच्या मित्रांवरही बिनदिक्कत वापरतो, आणि ते सगळं हसण्यावारी जातं. गुलामांच्या बंडाची गोष्ट सांगताय, लोकांना लढायला तयार करताना त्यांच्या मनाशी खेळताय, तर त्यातल्या किती जणांचा निर्धार स्वतःचा होता? हा प्रश्न पुस्तक नुसता हुंगून पुढे जातं आणि पुन्हा छपरावरून उड्या. माझी तक्रार नियम जास्त झाले ही नाही. सगळ्यात भयंकर नियम हातात असताना लेखक नाण्यांत रमला, ही आहे.

तर्कट:
यावर मात्र भांडता येत नाही. तरी ब्रीझसाठी दुसरा भाग वाचा, तिथे तो नुसता विनोदाला नाही.

उलटं पान:
वाचेन. पण मारामारीची पानं चाळून.