१०, २१ आणि ४२ किलोमीटर : हौशी धावकांचे निरनिराळ्या अंतरांचे अनुभव हवे आहेत

प्रश्न : रंकाळ्याकाठी

नमस्कार. माझे वय ४३, राहणार कोल्हापूर, नोकरी बँकेत. तीन वर्षांपूर्वी रंकाळ्याभोवती चालायला सुरुवात केली, पुढे चालता चालता धावू लागले आणि आता आठवड्यातून चार दिवस धावते. आतापर्यंत १० किलोमीटरच्या पाच आणि २१ किलोमीटरच्या दोन शर्यती पूर्ण केल्या आहेत. १० किलोमीटरची माझी उत्तम वेळ ५८ मिनिटे आहे, तर हाफची २ तास १४ मिनिटे.

दुसरी हाफ झाल्यापासून आमच्या गटातील प्रत्येक जण "आता फुल कधी?" असेच विचारतो. जणू १० नंतर २१ आणि २१ नंतर ४२ ही शाळेतील इयत्तांसारखी ठरलेली वाट आहे आणि मध्येच थांबणारा नापास झाला, असे त्यांच्या बोलण्यातून वाटते. मला फुल मॅरेथॉनचे आकर्षण नाही असे नाही. मात्र घरी दहा वर्षांची मुलगी आहे, सासूबाईंचे वय झाले आहे आणि रविवारची सकाळ ही घरातल्या सगळ्यांची एकत्र बसून चहा घेण्याची एकमेव सकाळ आहे. ती चार-पाच महिने द्यायची असेल, तर त्या बदल्यात नेमके काय मिळते आणि शरीराला काय सोसावे लागते, हे ज्यांनी स्वतः अनुभवले आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे. मध्यंतरी सातारा हिल हाफ मॅरेथॉन करावी, असेही मनात येते. अंतर तेच असताना ती साध्या हाफपेक्षा किती वेगळी असते?

प्रतिसाद : टेकडीवरची पहाट

ताई, मी पुण्याचा, वय ५२. अकरा वर्षे धावतो आहे आणि या काळात १० किलोमीटरपासून ४२ पर्यंतची सर्व अंतरे अनेकदा धावलो आहे. इयत्तांची उपमा तुम्ही अचूक पकडली आहे आणि माझ्या मते ती मुळातच चुकीची आहे, कारण ही तिन्ही अंतरे शरीराकडे वेगवेगळ्या गोष्टी मागतात.

१० किलोमीटरमध्ये पहिल्या दोन किलोमीटरांत जी चूक होते ती आठव्यापर्यंत अंगावर येते. श्वास सतत चढलेला असतो, बोलता येत नाही, आणि त्या अस्वस्थतेत तासभर टिकून राहणे हीच परीक्षा असते. हाफमध्ये मात्र १५व्या किलोमीटरपर्यंत स्वतःला आवरून धरावे लागते. ज्याला हे जमते त्याला शेवटच्या सहा किलोमीटरांत एकेक धावक मागे टाकण्याचा जो आनंद मिळतो, तो मला दुसऱ्या कोणत्याच अंतरात मिळालेला नाही. शिवाय दुसऱ्या दिवशी जिना उतरता येतो आणि कामावरही जाता येते. नोकरी आणि संसार सांभाळून धावणाऱ्यासाठी हाफ हे सर्वात समजूतदार अंतर आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

फुल मॅरेथॉन म्हणजे दोन हाफ नव्हेत. आमच्या गटात एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्याचा अंदाज बांधण्यासाठी पीटर रीगेल यांचे सूत्र वापरले जाते, ज्यात अंतर दुप्पट झाले की वेळ सुमारे २.०८ पट धरली जाते. त्या हिशेबाने तुमच्या २ तास १४ मिनिटांच्या हाफवरून फुलची वेळ साधारण ४ तास ४० मिनिटे येते. माझी हाफ त्या वेळी २ तास १० मिनिटांची होती, म्हणून मी साडेचार तासांचे लक्ष्य ठेवून मुंबईला गेलो आणि ५ तास २१ मिनिटांनी पोहोचलो. सूत्र चुकीचे नव्हते. ते गृहीत धरते तेवढा सराव माझा नव्हता. आठवड्याला जेमतेम ३५ किलोमीटर धावून आणि सर्वात लांबची धाव २४ किलोमीटरची करून मी उभा राहिलो होतो.

मुंबईची फुल पहाटे अंधारात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरून सुटते. मरीन ड्राइव्हचा गारवा, पुढे वरळी-वांद्रे सागरी सेतूवर हळूहळू उजाडणारे आकाश, दोन्ही बाजूंना पाणी आणि हजारो बुटांचा एकसारखा आवाज, हे सारे इतके सुंदर असते की पहिले २५ किलोमीटर माणूस स्वतःला विसरतो. माझे ३१व्या किलोमीटरपर्यंत सर्व ठीक होते. त्यानंतर कुणीतरी दिवा मालवावा तशी पायांतली शक्ती गेली. त्यामागचा हिशेब मला नंतर समजला. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनमधून, म्हणजे स्नायू आणि यकृतातील साखरेच्या साठ्यातून, साधारण १८०० ते २००० किलोकॅलरी मिळतात, आणि धावताना दर किलोमीटरला वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे एक किलोकॅलरी खर्च होते. माझे वजन ६४ किलो. म्हणजे ४२ किलोमीटरला सुमारे २७०० किलोकॅलरी लागणार होत्या. काही भाग चरबीतून मिळतो हे खरे. पण वेग जेवढा जास्त तेवढा ग्लायकोजेनचा वाटा मोठा, आणि मी सुरुवात झेपेल त्यापेक्षा वेगाने केली होती. वाटेत दर ४०-४५ मिनिटांनी खजूर, चिक्की किंवा धावकांसाठीचे गोड जेल घ्यायला हवे होते; मी भूक लागेपर्यंत थांबलो आणि तोवर उशीर झाला होता.

पुढे हाजी अलीनंतर पेडर रोडचा चढ येतो. एरवी गाडीतून जाताना तो चढ आहे हे लक्षातही येत नाही; ३६ किलोमीटर मागे टाकून आल्यावर मात्र तो घाटासारखा वाटतो. तिथे फुटपाथवर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक आजी स्टीलचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डब्यात सोललेल्या संत्र्याच्या फोडी होत्या, बिया काढलेल्या. मी हात पुढे केला. पण बोटे आखडल्यामुळे फोड धरता येईना. आजींनी ती सरळ माझ्या तोंडात घातली आणि म्हणाल्या, "चल बाळा, आता उतारच आहे." त्यानंतर मी चार फुल धावलो, त्यांतील दोन या पहिलीपेक्षा अर्ध्या तासाने वेगवान होत्या, तरीही फुल म्हटले की मला आधी ती फोड आठवते.

तेव्हा फुलमधून काय मिळते, याचे माझे उत्तर असे आहे : आपल्याजवळचे सगळे संपल्यानंतर आपण कसे वागतो, हे तिथे समजते. हे समजून घ्यावेसे वाटत असेल तरच त्या वाटेला जावे, गटातले विचारतात म्हणून नव्हे. आणि जायचे ठरले, तर किमान १६ ते १८ आठवडे, आठवड्याला ४५ ते ५५ किलोमीटर आणि २८ ते ३२ किलोमीटरच्या तीन-चार लांब धावा, एवढे धरूनच घरात बोलणी करावीत. २८ किलोमीटरच्या धावेला तुमच्या गतीने साडेतीन तास लागतील, आणि त्यानंतरची दुपार झोपेत जाते हेही घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.

प्रतिसाद : यवतेश्वर

मी साताऱ्याची आहे आणि आमची हिल हाफ पाच वेळा धावले आहे, त्यामुळे त्या भागाचे उत्तर देते.

ही शर्यत २०१२ साली सुरू झाली. गावातून समर्थ मंदिराकडे जाईपर्यंतच चढ जाणवू लागतो, आणि नंतर यवतेश्वरचा घाट सुरू होतो तो कासच्या रस्त्यावर वळण्याच्या जागेपर्यंत पाठ सोडत नाही. जवळपास निम्मे अंतर चढ आणि त्याच रस्त्याने परत उतार, असा हा मामला आहे. पावसाळा सरता सरता शर्यत होत असल्याने डोंगर हिरवेगार असतात, घाटात कधी भुरभुर तर कधी धुके असते आणि वळणावळणावर गावातील पोरे ढोल घेऊन उभी असतात. साध्या हाफपेक्षा तुम्हाला १५ ते २५ मिनिटे अधिक लागतील असे धरून चला.

बाहेरून येणारे बहुतेक धावक चढाला घाबरतात. माझा अनुभव असा की चढ माणसाला फसवत नाही. दम लागला की वेग आपोआप उतरतो, आणि तीव्र वळणावर झपाझप चालणे हे धावण्यापेक्षा फारसे मागे पडत नाही. खरा घात उतार करतो. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार रोखून धरतो आणि या कामात स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होतात. पहिल्या वर्षी मी घाट उतरताना मोकळे सोडलेल्या वासरासारखी धावले, १७व्या किलोमीटरला मांड्या थरथरू लागल्या आणि पुढचे तीन दिवस घरातला जिना कठडा धरून पाठमोरी उतरले. शर्यतीच्या दिवशी काहीच जाणवत नाही. वेदना दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते.

कोल्हापूरकरांना सरावासाठी दूर जावे लागत नाही. वाघबीळपासून पन्हाळ्यापर्यंतचा चढ आहे, जोतिबाचा डोंगर आहे. दोन आठवड्यांतून एकदा तिथे जा, आणि चढून झाले की गाडीत बसून खाली येऊ नका. उतारही धावतच उतरा, लहान पावले टाकत, टाच पुढे न आदळता. शर्यतीआधी चार-पाच वेळा असा उतार पायांना दाखवला की स्नायू तो लक्षात ठेवतात, आणि नंतरचे दुखणे निम्म्यावर येते असे मी स्वतःवर पाहिले आहे.

प्रतिसाद : दहाचा वारकरी

मी एकच फुल धावलो आणि पुन्हा १० किलोमीटरकडे वळलो. या निर्णयाबद्दल मला आजवर एकदाही वाईट वाटलेले नाही.

तुम्ही ५८ मिनिटांत १० किलोमीटर धावता. तुम्हाला फुल जमेल का, हे कुणीही विचारील. परंतु तुम्हाला ५२ मिनिटे जमतील का, हे तुमच्या गटात कुणी विचारले आहे का? मी ६१ मिनिटांवरून दोन वर्षांत ५१ मिनिटांवर आलो. मंगळवारी मैदानावर ४०० मीटरच्या आठ-दहा वेगवान फेऱ्या, गुरुवारी २० मिनिटे जेमतेम सोसवेल अशा गतीची धाव, रविवारी १२ ते १४ किलोमीटर निवांत आणि उरलेल्या एखाद्या दिवशी हलके पाऊल, एवढाच क्रम होता. रविवारी साडेसातला मी घरी असतो आणि चहा चुकत नाही. १० किलोमीटरला छोटी शर्यत म्हणणाऱ्यांनी ती एकदा जीव ओतून धावून पाहावी, अशी माझी मनापासून विनंती आहे.

अंतर कोणतेही निवडा. आयोजन मात्र पारखून घ्या. एप्रिलमधील एका हाफमध्ये १४व्या किलोमीटरनंतर पाण्याच्या टेबलांवर रिकामी पिंपे होती. मागून येणाऱ्या, म्हणजेच उन्हात सर्वाधिक वेळ राहणाऱ्या लोकांनाच पाणी मिळाले नाही. माझ्यासमोर एक मध्यमवयीन गृहस्थ झाडाच्या बुंध्याला धरून खाली बसले आणि त्यांना आम्ही तिघांनी रस्त्यावरच्या रसवंतीतून पाणी आणून दिले. तेव्हापासून नवी शर्यत असेल तर नोंदणीपूर्वी मी मागील वर्षी सर्वात शेवटी आलेल्या धावकांना गाठून विचारतो. पुढच्यांना सगळीकडे पाणी मिळतेच.

प्रतिसाद : ओआरएस

डॉक्टर आहे आणि हौशी धावकही, म्हणून वरील पाण्याच्या मुद्द्याची दुसरी बाजू मांडतो. पाणी कमी पडणे धोक्याचे आहे, तसेच लांब अंतरात तहान नसताना प्रत्येक टेबलावर साधे पाणी पीत राहणेही धोक्याचे आहे. त्यामुळे रक्तातील सोडियम उतरते. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांचे रक्त तपासले असता त्यांपैकी १३ टक्क्यांमध्ये सोडियम सामान्यापेक्षा कमी आढळले होते, आणि चार तासांहून अधिक वेळ धावणाऱ्यांना तसेच धावताना वजन वाढलेल्यांना हा धोका अधिक होता. आपल्याकडील बहुसंख्य हौशी धावक फुलसाठी चार तासांहून अधिकच घेतात. त्यामुळे तहानेनुसार प्यावे आणि जे प्याल त्यात मीठ असू द्यावे. डोके जड होणे, मळमळणे, बोटातली अंगठी घट्ट वाटू लागणे, अशी लक्षणे दिसली तर आणखी पाणी न पिता वैद्यकीय तंबू गाठावा.

ताईंना आणखी एक सुचवतो. लांब अंतराचा सराव सुरू करण्यापूर्वी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) तपासून घ्यावे. धावणाऱ्या स्त्रियांमध्ये लोहाचा साठा घटलेला असूनही हिमोग्लोबिन ठीक दिसू शकते, आणि मग महिनोन्महिने थकव्याचा दोष सरावाला दिला जातो.

रंकाळ्याकाठी

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभार. काल रात्री हा धागा घरी मोठ्याने वाचून दाखवला. पेडर रोडच्या आजींचा प्रसंग ऐकून सासूबाई म्हणाल्या की तू मुंबईला धावशील तेव्हा मीही डबा घेऊन येईन. म्हणजे घरची परवानगी मी मागण्याआधीच मिळाली आहे. तरीही यंदा फुल नाही. यंदा साताऱ्याची हिल हाफ करायची आणि त्याआधी १० किलोमीटर ५५ मिनिटांच्या आत आणण्याचा प्रयत्न करायचा, असे ठरवले आहे. फेरिटिनची तपासणी सोमवारी करते आणि येत्या रविवारी वाघबीळला जाते. सकाळी सहाला निघाले तर चहापर्यंत परत येता येईल. उतारासाठी वेगळे बूट लागतात का?

यवतेश्वर

वेगळे लागत नाहीत. मात्र नेहमीचे बूट घालून पुढे अंगठा आणि टोक यांच्यात बोटभर जागा राहते का ते पाहा. राहत नसेल तर अर्धा नंबर मोठा घ्या, कारण उतारावर पाय पुढे सरकतो आणि अंगठ्याचे नख काळे पडते. नखे दोन-तीन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको. आणि वाघबीळला रविवारी पर्यटकांच्या गाड्या लवकर सुरू होतात, तेव्हा सहाऐवजी साडेपाचला निघा आणि उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने धावा.