१९३५ साली क्रूच्या शेडमध्ये क्लीनर लागलेला मुलगा १९५५ मध्ये मेलचा ड्रायव्हर असेल का?

रंगवही

एकांकिका लिहितोय. स्थळ इंग्लंडमधलं क्रू, काळ मे १९५५. नायकाचा जन्म १९२०चा. १५व्या वर्षी क्रू नॉर्थ शेडमध्ये (इंजिनं ठेवायची जागा) क्लीनर, म्हणजे इंजिनं पुसणारा, लागला आणि आता रात्रीची ग्लासगो गाडी नेणारा ड्रायव्हर आहे, असं मसुद्यात आहे. तीन शंका:

वीस वर्षांत एवढी मजल मारता यायची का? ड्रायव्हर होण्यासाठी कंपनीची शाळा किंवा परीक्षा असायची का? आणि ग्लासगोच्या वाटेवरच्या शॅपच्या चढावर गाडी अडली असं दाखवायचंय, तर काय बिघडलेलं खरं वाटेल? बॉयलरचा स्फोट वगैरे नको. जाणकार प्रेक्षकाने मान डोलावली पाहिजे.

तिसरी लिंक

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. ३५व्या वर्षी क्रू नॉर्थवरून ग्लासगो गाडीचा नेमलेला ड्रायव्हर, हे जमणारं नाही. तिथे सगळं ज्येष्ठतेवर चालायचं. हुशारी, साहेबाची मर्जी यांचा बढतीशी संबंध नव्हता. वरचा माणूस निवृत्त झाला, वारला किंवा डोळ्यांच्या तपासणीत नापास झाला की खालची रांग एक पाऊल पुढे सरकायची.

पायऱ्या अशा: क्लीनर, मग पास्ड क्लीनर (क्लीनरच, पण गरज पडली तर फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा, म्हणून पाठवता येणारा), मग फायरमन, मग पास्ड फायरमन (फायरमनच, पण गरजेला ड्रायव्हर), आणि शेवटी ड्रायव्हर. आपल्याकडे फर्स्ट फायरमन, सेकंड फायरमन, शंटर असे हुद्दे होते. ते तिथे घालू नका. ब्रिटिश फूटप्लेटवर (इंजिन चालवणाऱ्यांची उभं राहायची जागा) दोनच माणसं असत, कोळसा मारायला एकटा फायरमन. आपल्याकडची ब्रॉडगेजची तीन माणसांची सवय लेखणीतून सहज उतरते.

पास्ड माणसाच्या पाळ्या मोजल्या जायच्या. वरच्या कामाच्या ३१३ पाळ्या भरल्या की त्या हुद्द्याचं एक वर्ष धरलं जाई. (आठवड्याला सहा दिवस धरून वर्षाचा हिशेब करा, आकडा कुठून आला ते कळेल.)

ड्रायव्हर झाल्यावरही शिडी संपत नाही. शेडमधल्या कामांचे गट पाडलेले असत, त्यांना लिंक म्हणत. नवा ड्रायव्हर शंटिंगच्या किंवा शेडमधल्या लिंकमध्ये जाई. मग स्थानिक मालगाड्या, लांबच्या मालगाड्या, साध्या पॅसेंजर आणि सर्वांत वर मेल-एक्स्प्रेसची टॉप लिंक. मोठ्या शेडमध्ये टॉप लिंकमधला माणूस बहुधा पन्नाशी ओलांडलेला असे आणि ६५ला निवृत्त होई. एका लिंकमध्ये ड्रायव्हर आणि फायरमन यांची जोडी कायम असायची, म्हणजे तेच दोघे महिनोन् महिने एकमेकांचं तोंड पाहणार. नाटकाला हे बरं आहे.

तुमच्या नायकाचा हिशेब: १९३५ला क्लीनर. त्या आधीच्या मंदीत कित्येक फायरमन परत फडकं हाती घेऊन क्लीनर झाले होते, त्यामुळे रांग तुंबलेली. १९३९ला युद्ध सुरू झालं आणि वाहतूक वाढली. फूटप्लेटवरची माणसं राखीव व्यवसायात, म्हणून हा सैन्यात गेला नाही. विशीच्या सुरुवातीलाच पक्का फायरमन झाला असेल. १९५५ला पास्ड फायरमन किंवा फार तर खालच्या लिंकमधला नवा ड्रायव्हर. त्याला टॉप लिंकचा फायरमन करा आणि शेजारी साठीचा ड्रायव्हर द्या.

गेज ग्लास

वरच्याशी सहमत. दुसऱ्या प्रश्नाचं घेतो.

कंपनीची सक्तीची शाळा नव्हती. होते ते म्युच्युअल इम्प्रूव्हमेंट क्लास. ड्रायव्हर-फायरमन लोकांनी स्वतःच चालवलेले, बहुतेक रविवारी सकाळी, शेडजवळच्या एखाद्या खोलीत किंवा जुन्या डब्यात. शिकवणारा बिनपगारी, शिकणाराही सुट्टीचा दिवस घालवून आलेला. व्हॉल्व्ह गिअरची (सिलिंडरला वाफ सोडणारे व्हॉल्व्ह हलवणारी यंत्रणा) लाकडी किंवा पत्र्याची हलती मॉडेलं असत. ब्रिटिश रेल्वेचा सगळा तांत्रिक डोलारा या फुकटच्या वर्गांवर उभा होता, असं माझं मत आहे.

परीक्षा मात्र कडक. इन्स्पेक्टर तोंडी घ्यायचा: नियमपुस्तक, इंजिनाचे भाग, वाटेतले बिघाड, आणि नंतर प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवणं. ठरलेला प्रश्न असा: "इंजिन नीट ओढत नाही, वाफ कुठेतरी निसटतेय. व्हॉल्व्हमधून की पिस्टनमधून, कसं ओळखशील?"

दोन सिलिंडरच्या, वॉलशार्ट नावाच्या प्रकारचा व्हॉल्व्ह गिअर असलेल्या इंजिनावरचं उत्तर: ज्या बाजूची शंका आहे त्या बाजूचा क्रँक सरळ वर किंवा सरळ खाली येईल असं इंजिन उभं करायचं. ब्रेक घट्ट, सिलिंडर कॉक (सिलिंडरच्या दोन्ही टोकांचे छोटे नळ) उघडे, रिव्हर्सर (इंजिन पुढे-मागे न्यायचं नियंत्रण) मधोमध. या स्थितीत व्हॉल्व्ह दोन्ही पोर्ट, म्हणजे वाफेच्या वाटा, झाकून बसतो. आता रेग्युलेटर (वाफ सोडायचा मुख्य दांडा) थोडा उघडा. त्या बाजूच्या कॉकमधून वाफ आली तर व्हॉल्व्ह गळतोय. नाही आली तर रिव्हर्सर पूर्ण पुढे घ्या, म्हणजे सिलिंडरच्या एकाच टोकाला वाफ जाईल. दोन्ही टोकांच्या कॉकमधून आली तर पिस्टनच्या रिंगा गेल्या.

याशिवाय रोड लर्निंग. प्रत्येक सिग्नल कुठे, कोणत्या बाजूला, चढ-उतार कुठे बदलतो, धुक्यात कोणत्या पुलाचा आवाज कसा येतो, हे पाठ करून मग त्या मार्गाच्या कागदावर सही. सही नसेल तर त्या मार्गाची माहिती असलेला ड्रायव्हर सोबत घ्यावा लागे. सही केली की जबाबदारी पूर्ण त्याची, नंतर "लक्षात नव्हतं" चालत नसे.

रंगवही

फार उपयोगी, दोघांचेही आभार. नायकाला फायरमन केला. मग शॅपला नेमकं काय बिघडवू? आणि हे लोक रात्री ग्लासगोला जाऊन परत कधी येणार?

टेबे बँकर

शॅपसाठी एक मोठा बिघाड शोधू नका. छोट्या गोष्टींची साखळी जास्त खरी वाटते. अशी:

इंजिन कॉरोनेशन वर्गाचं, ज्याला लोक डचेस म्हणत. भट्टीच्या जाळीचं क्षेत्रफळ ५० चौरस फूट, दाब २५० पौंड. टेंडरमध्ये (इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा) १० टन कोळसा आणि ४,००० गॅलन पाणी. एक्स्प्रेसला मैलाला ४०-५० पौंड कोळसा धरा. क्रू ते ग्लासगो सुमारे २४३ मैल, म्हणजे पाचेक टन. तो सगळा एका माणसाच्या फावड्यातून भट्टीत जातो. टेंडरमधला वाफेवरचा ढकलयंत्र कोळसा पुढे आणून देई, भट्टीत टाकणं हातानेच.

युद्धानंतर चांगला कोळसा मिळणं कठीण झालं होतं. राखेत माती-दगड जास्त असला की ती वितळून जाळीवर चिकट थर धरते, क्लिंकर. खालून हवा येत नाही, विस्तव वरून लाल दिसतो पण मेलेला असतो. नवखा माणूस इथे आणखी कोळसा मारतो आणि काम पुरतं बिघडवतो. जाणता फायरमन लांब सळई घालून थर उचलतो, थोडं थोडं पण वारंवार टाकतो, मागचे कोपरे जाड ठेवतो. धुराड्यातून फिकट राखाडी धूर हवा. काळा म्हणजे हवा कमी, अजिबात नाही म्हणजे विस्तव पातळ.

दाब २५० वरून १८०, मग १५०. आता खरी गंमत. गाडीचा ब्रेक व्हॅक्यूमचा, २१ इंच निर्वात धरला तरच ब्रेक सुटलेले राहतात, आणि तो निर्वात वाफेवर चालणाऱ्या इजेक्टरने राखायचा. दाब फार उतरला की इजेक्टर पुरा पडत नाही, निर्वात ढासळतो, ब्रेक आपोआप चाकांना घासू लागतात. वाफ कमी म्हणून ब्रेक लागतो, आणि ब्रेकमुळे आणखी वाफ लागते. चढाच्या पायथ्याच्या टेबेपासून माथ्यापर्यंत साडेपाच मैल, त्यातले शेवटचे चार १:७५. ड्रायव्हरने टेबेला थांबून मागे बँकर (मागून ढकलणारं जादा इंजिन) घ्यायला हवा होता, पण वेळ वाचवायला थांबला नाही. इथे दोघांचं भांडण लिहा. चढावर उभे राहिले की रेग्युलेटर बंद, ब्लोअर (धुराड्यात वाफ सोडून विस्तवाला हवा ओढणारा नळ) उघडा, क्लिंकर उचलून विस्तव जागा करा आणि दाब चढायची वाट पाहा. पंधरा-वीस मिनिटं. दोघांनाही एकमेकांकडे बघण्यापलीकडे काम नाही.

दुसरी जागा पाण्याची. चढावर धुराडं वर असतं, पाणी मागे भट्टीकडे सरकतं, त्यामुळे बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेत खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. माथा ओलांडला की पुढे १:१२५चा उतार. पाणी पुढे पळतं, शिवाय रेग्युलेटर बंद केल्यावर फुगलेली पातळी बसते. काचेत अर्धं दिसत होतं ते अचानक तळाला. भट्टीच्या छतावर पाणी उरलं नाही तर आधी शिशाचे प्लग वितळतात आणि वाफ विस्तवावर कोसळते. म्हणून माथ्याच्या आधीच इंजेक्टर (बॉयलरमध्ये पाणी भरणारं साधन) लावून पाणी वाढवायचं. पण थंड पाणी आत घेतलं की दाब आणखी पडतो. दाब राखू की पाणी, हा प्रश्न फायरमनला त्या चार मैलांत दर मिनिटाला पडतो.

इंजेक्टरने दगा देणंही चालेल. टेंडरच्या जाळीत कोळशाची भुकटी अडकते, हवा शिरते किंवा इंजेक्टर तापतो, मग पाणी धरत नाही. वाफ बंद करून पुन्हा लावून बघतात, इंजेक्टरवर थंड पाणी ओततात. दोन्ही इंजेक्टर गेले तर विस्तव पाडण्यावाचून गत्यंतर नाही.

परतीचं: ग्लासगो, पर्थच्या पाळ्या मुक्कामाच्या. तिकडे रेल्वेच्या वसतिगृहात दिवसा झोपायचं, दुसऱ्या रात्री परत. शंटिंग यार्डाशेजारी दिवसा झोप कसली लागणार. १९४९मध्ये या मुक्कामांवरून रविवारचे संप झाले. पण पैसे होते: १४० मैलांच्या वर दर १५ मैलांना एका तासाचा जादा पगार. २४३ मैलांवर जवळजवळ सात तास जादा, म्हणजे पाळी जवळपास दुप्पट पगाराची. एकाच घरात नवऱ्याला ही पाळी हवी आणि बायकोला नको, हे सहज शक्य.

नियम पंचावन्न

बाकीचं चोख आहे, दोन भर घालतो.

चढावर गाडी अडली तर गार्डने मागे चालत जायचं: पाव मैलावर मागच्या गाडीला इशारा देणारा एक फटाका रुळावर, अर्ध्या मैलावर एक, पाऊण मैलावर तीन. फायरमन उगाच रुळावरून पळताना दाखवू नका, शेजारचा मार्ग अडला असेल तरच पुढून संरक्षण करायचं. फायरमनचं चालणं वेगळं: लाल सिग्नलला अडकलो तर नियम ५५ प्रमाणे सिग्नलच्या केबिनमध्ये जाऊन आमची गाडी उभी आहे याची आठवण द्यायची आणि नोंदवहीत सही करायची. धुकं किंवा बर्फ असेल तर लगेच, एरवी दोन-तीन मिनिटांनी. नुसती सही पुरत नाही. सिग्नल चुकून सुटू नये म्हणून सिग्नलवाल्याने लिव्हरवर अडकवायची कडी घातली का तेही बघायचं. २२ मे १९१५ला क्विंटिन्सहिलला फायरमनने सही केली, कडी पाहिली नाही, आणि सिग्नलवाला उभ्या गाडीला विसरला. ब्रिटनमधला सर्वांत भीषण रेल्वे अपघात तो. सिग्नलच्या खांबावर पत्त्यांतल्या चौकटीच्या आकाराची पांढरी पाटी असेल तर मात्र चालायची गरज नाही, ट्रॅक सर्किट आहे, म्हणजे गाडी उभी असल्याचं रुळांतल्या विजेमुळे केबिनला कळतं.

दुसरं, तुम्ही मे १९५५ निवडलाय तर संप टाळता येणार नाही. अ‍ॅस्लेफ या ड्रायव्हर-फायरमनच्या संघटनेचा संप २८ मेपासून १४ जूनपर्यंत चालला, ३१ मेला आणीबाणी जाहीर झाली. मागणी कुशल कामाच्या पगारातला फरक राखण्याची. एनयूआर ही दुसरी संघटना संपात नव्हती आणि तिचेही काही सभासद फूटप्लेटवर होते. तुमचा ड्रायव्हर एकीत आणि फायरमन दुसरीत ठेवलात तर शॅपवरच्या वीस मिनिटांना विषय मिळाला.

भट्टीची ज्वाला उलटी येणं हाही खरा धोका, पण जपून वापरा. बोगद्यात शिरताना किंवा रेग्युलेटर बंद करण्याआधी ब्लोअर उघडला नाही तर ज्वाला भट्टीच्या दारातून ड्रायव्हरच्या केबिनमध्ये येते. क्रूचाच ड्रायव्हर वॉलेस ओक्स जून १९६५मध्ये विन्सफर्डजवळ अशा आगीत सापडला. त्याने गाडी थांबवली, पण भाजल्यामुळे आठवड्याने गेला. मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला.

रंगवही

संपाचं डोक्यातच नव्हतं. शेवटचा अंक बदलतोय. नेपथ्याचं एकच: ड्रायव्हर कोणत्या बाजूला उभा? आणि इंजिनावर दिवे किती?

तिसरी लिंक

डचेसवर ड्रायव्हर डाव्या हाताला, फायरमन उजव्या. ग्रेट वेस्टर्नच्या इंजिनांवर उलट, म्हणून जुने फोटो बघून नेपथ्य करू नका. एक्स्प्रेसला पुढे दोन दिवे, प्रत्येक बफरवर एक. आणि कृपा करून ड्रायव्हरच्या हातात गोल चाक देऊन ते मोटारीसारखं डावी-उजवीकडे फिरवायला लावू नका. तिथे रिव्हर्सरचं हँडल असतं, त्याने सिलिंडरला किती वाफ जायची ते ठरतं, वळणं रूळ घेतात.